मांडवापुरती जागा

१६ मे २०२२
पनवेल

दादा,

कागद उलटा करून बघशीलच, म्हणून आधीच सांगते. मागे जे दिसतंय तो बसथांबा आहे आणि तो नापास झालाय. माझी नाकारलेली शीटं एवढी साठली की आई त्यांवर पापड वाळत घालायला निघाली. म्हटलं, त्यापेक्षा मागच्या कोऱ्या बाजूवर दादाला पत्रं लिहीन. फोनवर तू "जेवलीस का" विचारतोस, मग "ठेवू का" विचारतोस, आणि मधलं सगळं राहून जातं. पत्ता समीक्षा वहिनीने दिला. तिला ओरडू नकोस.

तर बातमी अशी की मी आर्किटेक्चरला आहे. हस. बारावीचं गणित दुसऱ्या खेपेला सुटलं. मधल्या काळात मी खांदा कॉलनीत नकाशे छापायच्या दुकानात होते, ते तुला माहीतच आहे. दिवसभर लोकांची घरं मशीनमधून बाहेर यायची, मी गुंडाळी करून रबर लावायचे. एकदा बघतच बसले, त्यातल्या एकाही घराला बसायला ओटा नव्हता. गिऱ्हाईक खेकसलं तेव्हा कळलं की त्याचं घर मी दुसऱ्याच्या पिशवीत कोंबतेय. मालक म्हणाला, "बाई, एवढं बघत बसायचं तर शिकून तरी ये." बाबा म्हणाले, "ही वरीसभर एका जागी बसली तर माजा नाव बदला." पण या कॉलेजात बसवतच नाहीत रे. जागा बघून या, माणसं बघून या, असं म्हणून सारखं हिंडायलाच पाठवतात. मला आधी कोणी सांगितलं असतं तर गणित पहिल्याच खेपेला सोडवलं असतं.

पहिलं काम म्हणजे हा बसथांबा. मी पनवेल स्टँडवर गेले. अर्धा दिवस पेणच्या गाडीच्या कंडक्टरशी गप्पा, मग वडापाव, मग एका म्हातारीची बोचकी सांभाळली. मोजमापं घ्यायची राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. शेवटी थांबा काढला. मॉडेल केलं. ज्युरी म्हणजे आपण काम भिंतीला लावायचं आणि सरमॅडमनी सगळ्यांसमोर त्याची चामडी सोलायची. आमच्या आभा मॅडम केसांचा अंबाडा पेन्सिलीने बांधतात. ती पेन्सिल त्यांनी उपसली की समजायचं, आलं आता.

उपसली. माझ्या थांब्यासमोर ठेवून म्हणाल्या, "भाविका, थांबा एवढासा. समोर ही एवढी मोकळी जागा कशाला?"

मी म्हटलं, "मांडवाला."

दादा, मी विचार करून बोललेच नाही. तोंडातून गेलं. अख्खा वर्ग आडवा. एक जण म्हणतो, "बसथांब्यावर लग्न कोणाचं?" आणि माझ्या शेजारची यूम्ना म्हणाली, "एसटीचं, डेपोशी."

मला जागा सोडलीय हेच माहीत नव्हतं. हातानेच सोडली. दारात मांडव पडण्यापुरती जागा नाही ती इमारत कसली, असं माझ्या हाताला वाटत असणार.

घरी सगळं ठीक. अंगणातलं आहे तसंच आहे. तुझी सुपारी फुटल्यावर तू म्हणालास, "माझा मांडव आपल्या दारात पडणार, हॉलमध्ये नाही." बाबा म्हणाले, "दारान आता भाड्याच्या चार खोल्या व्हनार." दुसऱ्या दिवशी माणसं खणायला आली आणि तिसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस. तू तिकडे मुंद्रा बंदरावर क्रेन चालवतोस. गंमत अशी की बाबांनीही पुढे वीट लावली नाही. पाये भरले, सळ्या वर काढल्या आणि काम थांबलं. एका सळीला आईने वालांची टोपली अडकवलीय.

वहिनीने कोर्टातल्या लग्नाचा फोटो पाठवला. साडी छान होती तिची. तुझ्या अंगाला हळद नव्हती, एवढंच.

भाविका


४ मार्च २०२३
पनवेल

दादा,

या वेळी मागे वाचनालय आहे. तेही नाकारलेलंच.

तू उत्तर दिलं नाहीस. हरकत नाही. माझ्याकडे शीटं खूप आहेत.

कॉलेजात माझं नाव मांडव पडलंय. "मांडव, पट्टी दे." "मांडव, चहाला येतेस का?" म्हणून या वेळी ठरवलं, समोर बोटभर जागा सोडायची नाही. प्लॉटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचनालय ठासून भरलं. आभा मॅडमनी पेन्सिल उपसली, दारावर ठेवली, आणि पेन्सिलीचं टोक सरळ गटारात गेलं.

"वाचक उडी मारून येणार का?"

वर्ग हसला, मीही हसले. हसू काही थांबेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसथांब्याची चूक तुझी होती. ही कोणाची आणलीस?"

त्यानंतर मी वडाळे तलावावर जाऊन बसले. तिथे एक माणूस कासवांना पाव घालत होता आणि कासवं पावाकडे ढुंकूनही बघत नव्हती. खूप वेळ बघितलं. शेवटी तो स्वतःच पाव खाऊ लागला. हे तुला का सांगतेय माहीत नाही, तू असतास तर त्याच्याशी बोलला असतास एवढं खरं.

यूम्नाच्या बहिणीचा निकाह झाला. त्यांच्या मोहल्ल्यात घरं एकमेकांना चिकटलेली, अंगण हा प्रकारच नाही. मी विचारलं, "मग तुम्ही मांडव घालता कुठे?" ती म्हणाली, "गल्लीच बंद करतो. दोन्ही टोकांना आमचेच चाचा बसतात, गाडी आली की तिलाच बिर्याणी खिलवून परत पाठवतात." मी तिथे जेवले. दोनदा. तेव्हा कळलं की जागा नसली तरी लोक ती कुठून तरी काढतातच. फक्त ती काढायला चाचा लागतात, आणि ते रागावून निघून गेलेले चालत नाहीत.

हे तुला टोमणा म्हणून लिहिलं नाही. म्हणजे थोडा आहे.

बाबा सळ्यांना गंज धरू नये म्हणून पावसाळ्याआधी सिमेंटचं पाणी मारतात. काम पुढे नेत नाहीत आणि सळ्या कापतही नाहीत. मी विचारलं, "बाबा, हे काय चाललंय?" म्हणाले, "तू तुजा अभ्यास कर गो."

भाविका


२२ फेब्रुवारी २०२४
पनवेल

दादा,

तुझं पत्र आलं! पत्र कसलं, वहिनीच्या कार्डाच्या कोपऱ्यात तुझी एक ओळ: "एसटीचं लग्न लागलं का?"

लागलं. डेपोने हुंडा मागितला नाही.

मी ते कार्ड फ्रिजवर लावलंय. बाबा पाण्याची बाटली काढताना फ्रिजसमोर फार वेळ उभे राहतात. आई ओरडते, "दार लावा, बर्फ वितळतो."

मागचं चित्र या वेळी बघ. तळोज्यातल्या पाळीवर जाणाऱ्या कामगारांसाठी घरं. हे शीट नाकारलेलं नाही, त्याची ही जास्तीची प्रत आहे. मी तिथे इतक्या वेळा गेले की एका खोलीतल्या पोरांनी मला चहाचा कप नेमून दिला. खोली एक, माणसं सहा, तिघं झोपतात तेव्हा तिघं कारखान्यात. रसायनांच्या वासाने माझं डोकं दुखायचं. ते म्हणायचे, "दीदी, हमको तो घर जाके उलटा ताज़ी हवा से ज़ुकाम होता है." त्यांना विचारलं, नवीन घरात काय हवं? मला वाटलं मोठी खिडकी म्हणतील, बाल्कनी म्हणतील. त्यातला एक जण विचार करून म्हणाला, "चप्पल उतारने की जगह. अभी तो उतारो तो किसी के मुँह पे पड़ती है."

त्या खोलीत बसून मला आपल्या बाबांच्या चार खोल्या आठवल्या. तुला राग येईल, पण लिहिते. भाड्याची खोली ही काही शिवी नाही. तिथेही कोणाची तरी आई फोनवर "जेवलास का" विचारत असते. बाबांची मिठागरं गेली, शेती गेली, त्यांना वाटलं, अंगणाने आता कमवावं. तू म्हणालास अंगणाने मांडव घालावा. मी तेव्हा चिंचेवर बसून चिंचा खात ऐकत होते आणि मला दोघांचंही पटत होतं, म्हणून कोणाच्याच बाजूने बोलले नाही.

तर मी घरांच्या मधोमध मोठी जागा सोडली. ज्युरीत मॅडमनी पेन्सिल उपसली. मागून कुजबूज, "आला मांडव."

"कशासाठी?" मॅडम.

मी सांगितलं. सकाळी सातला एक पाळी येते, एक जाते. येणारे आंघोळीला, जाणारे डबा घ्यायला, आणि सगळ्यांच्या चपला. कोणाच्या गावचा माणूस आला तर त्याने टेकायचं कुठे? छटपूजेला चूल कुठे मांडायची? ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, तेही काढलं होतं. मी बोलत राहिले, विषय सोडून कासवांपर्यंत पोचले, यूम्नाने डोळे वटारले तेव्हा थांबले.

मॅडमनी पेन्सिल परत अंबाड्यात खोचली. चित्रावर एक रेघ न मारता.

भाविका


९ मे २०२५
पनवेल

दादा, वहिनी आणि दुर्वाबाई,

दुर्वाचा रांगतानाचा फोटो मिळाला. तोही फ्रिजवर आहे. बाबांनी अजून "कोणाची पोर" असं विचारलेलं नाही. पण परवा फोटोचा चुंबक बदललेला दिसला. आधीचा ढिला होता, फोटो घसरायचा.

मी सध्या एका ऑफिसात शिकाऊ आहे. द्रोणागिरीची गोदामं काढते. गोदामाला मांडव लागत नाही, त्यामुळे कामात चुका होत नाहीत आणि मजाही येत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेले दोन महिने लपवत होते. बाबांनी मला सांगितलंय, "एवढी शिकलीस तर त्या चार खोल्यांचा नकाशा तू काड." मी परीक्षेचं कारण सांगून टाळलं, मग तब्येतीचं, मग स्कूटरचं. स्कूटरचा आणि नकाशाचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही घाई नाही.

मी काढला तर तुझ्या अंगणावर माझ्याच हाताने खोल्या बसतील. नाही काढला तर दुसरा कोणी काढेल, आणि तो मांडवाचा विचार करणार नाही. म्हणून पहिली युक्ती केली ती अशी: खोल्या वर उचलायच्या, खाली खांब, अंगण मोकळं. खूश होऊन ठमाबाईकडे गेले. तुला आठवते ना, गावात लग्नाची गाणी, धवले, अजून तीच म्हणते, तिच्याशिवाय आपल्यात हळद उतरत नाही. तिला चित्र दाखवलं. तिने चष्मा नसल्यामुळे ते उलटं धरलं.

"ह्या मांडवाच्या वर काय हाय?"

"स्लॅब. वर खोल्या."

"मंग ह्यो मांडव नाय. ह्या पार्किंग हाय." चित्र परत दिलं. "मांडवाच्या डहालीतना आभाल दिसाला पायजे गो. देवाला वरशी वाट नको?"

तिथेच मी विचारलं, म्हटलं, लग्नाला तीन वर्षं उलटलेल्या माणसाची हळद आता करता येते का? तिने हात धरून मला खाली बसवलं. मग म्हणाली, "हलद काय दूध हाय गो, नासाला?"

मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. तिनेही घेतलं नाही. पण उठताना म्हणाली, "पोरीला पन आनाला सांग. आईबापाची हलद बगाला सगल्यांना नाय गावत."

खोल्या वर उचलायचा बेत मी फाडून टाकला. तेच हे कागद.

भाविका


१४ डिसेंबर २०२५
पनवेल

दादा,

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने आपला विषय स्वतः निवडायचा असतो. मी आपल्या आजूबाजूच्या गावांतली अंगणं घेतली, जी खोल्यांखाली चाललीत ती. सुरुवात आपल्याच दारापासून. खोल्या पसरट न मांडता एका कडेला एकावर एक चढवल्या, आधीच्या पायांपैकी त्या बाजूचे पाये वापरून. चारही बसल्या. समोर भलंमोठं अंगण, वर आकाश. मांडवाचे दोर बांधायला भिंतीत लोखंडी कड्या. मला वाटलं, या वेळी टाळ्या.

आभा मॅडमनी अंबाड्यातून पेन्सिल काढली नाही. मोजपट्टी घेतली. अंगणावर ठेवली.

"इथे दोन ट्रक वळतील. हे मोजलंस?"

दादा, मी बसथांबा मोजला. वाचनालयाचा प्लॉट मोजला. तळोज्यातल्या खोल्यांतल्या खाटासुद्धा मोजल्या. आणि आपलं अंगण? आपलं अंगण कोण मोजतं? छोट्या आत्याची हळद झाली तेव्हा मी पाचसहा वर्षांची होते. अख्खं गाव त्यात नाचत होतं आणि मी पळत पळत या टोकाहून त्या टोकाला जाताना दमले होते. ते अंगण मी काढलं होतं. पाच वर्षं सगळीकडे तेच काढत होते.

"पाच वर्षं शिकवलं," मॅडम म्हणाल्या, "आणि पोरगी घरचंच मोजायची राहिली." पण आवाज रागाचा नव्हता.

रविवारी टेप घेऊन अंगणात उतरले. एकटीने टेप धरता येत नाही, सुरुवातीचं टोक सारखं सुटत होतं. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. थोडा वेळ माझी फजिती बघितली, मग पेपर ठेवून आले आणि टोक उंबऱ्याला दाबून बसले. डोक्यावरून विमान गेलं. हल्ली नव्या विमानतळाच्या चाचणीची जातात, वाल निवडताना आई वर बघतसुद्धा नाही.

मी आकडा वाचला.

बाबा म्हणाले, "परत बग."

परत बघितलं.

"एवडाच?"

"एवढंच, बाबा."

ते उठले, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथून घराकडे बघितलं. "माज्या लग्नाला आख्खा गाव मावला व्हता हितं. बँड सुद्दा."

"माणसं चिकटून बसत असतील."

"बसत व्हती," म्हणाले. मग मी खडूने त्यांच्या जुन्या चार खोल्या जमिनीवर काढून दाखवल्या, जशा ते बांधणार होते. उंबऱ्यासमोर उरलेल्या पट्टीवर त्यांनी पाऊल ठेवून बघितलं. "चपला काडाला पन जागा नाय," एवढंच म्हणाले. तळोज्यातल्या त्या पोराला हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

मग माझ्या चार खोल्या आखल्या. खरं माप घेतल्यावर त्याही बसेनात. चौथीसाठी जिना पुढे येतो आणि जिना बरोबर मांडवाच्या मध्ये उभा राहतो. मी खडू खाली ठेवला. बाबा त्या जिन्याच्या खुणेवर जाऊन उभे राहिले, हात पसरले, मागे सरकले, परत हात पसरले. नाचायला जागा बघत होते की काय, देव जाणे. आई ओट्यावरून बघून तोंडाला पदर लावून हसत होती.

"तीनच घाल," बाबा म्हणाले. आणि पायाने खडूची रेघ पुसून टाकली.

भाविका


२६ एप्रिल २०२६
पनवेल

दादा,

या वेळी कागद आधी उलटा कर. हे अंगण खऱ्या मापाचं आहे. शेवटच्या ज्युरीला हेच लावलं होतं. बाहेरून आलेले एक सर म्हणाले, "भाड्याची एक खोली कमी करायला मालक तयार कसा झाला?" मी म्हटलं, "मालकाने टेप धरली होती." आभा मॅडमनी पेन्सिल उपसली आणि ती मला देऊन टाकली. त्यांचा अंबाडा सुटला, सगळे बघत राहिले. यूम्ना म्हणते, पेन्सिल फ्रेम कर. मी तिनेच हे पत्र लिहितेय. टोक मऊ आहे.

तिन्ही खोल्यांचे स्लॅब पडलेत. गिलावा राहिलाय. खालच्या खोलीसाठी तळोज्यातला माझा तो चपलांवाला पोरगा विचारून गेला. त्याची बायको गावाहून येतेय. त्याला अंगण फार आवडलं. म्हणाला, "दीदी, यहाँ तो पूरी बारात की चप्पल आएगी."

अंगणात फरशी घातली. ठमाबाईने ठणकावून सांगितलं होतं, मांडवाची मेढ जमिनीतच रोवली पाहिजे, बादलीत सिमेंट ओतून उभी केलेली चालायची नाही. म्हणून मी फरशीत एक खड्डा ठेवला, मेढीपुरता, दाराच्या उजव्या हाताला. गवंडी बुजवायला निघाला होता, त्याला वाटलं माझ्याकडून राहून गेला. बाबा त्याच्यावर ओरडले, "ऱ्हाला नाय, ठेवलाय!" मी त्या ओरडण्याच्या आनंदात चहा करायला गेले आणि दूध उतू घालवलं.

खड्ड्यावर मी एक फळी टाकून ठेवली होती. परवा घरी आले तर बाबा उकिडवे बसून कडाप्प्याच्या तुकड्याला कानस मारत होते. चौकोनी झाकण केलंय. कड गोल घासलीय. उचलायची कडी वर येऊ नये म्हणून तिच्यापुरती खाच कोरलीय. बसवलं की पाय फिरवला तरी लागत नाही.

मी म्हटलं, "बाबा, फळी होती की."

"फली सरकते," ते म्हणाले. मान वर केली नाही. "ल्हान पाय आत जाईल."

दादा, आपल्या घरात सगळ्यात लहान पाय माझे आहेत.

भाविका